एक चाल, अनेक गाणी : जमैकाची तबकडी आणि वऱ्हाडची कॅसेट

अकोट - चौदा एप्रिलच्या संध्याकाळी मिरवणूक निघाली, की गाण्याचे शब्द कानी पडण्याआधी त्याचा खर्ज छातीवर येऊन आदळतो. खिडक्यांची तावदाने थरथरतात, भिंतीला टेकून उभे राहिले तर पाठीला कंप जाणवतो आणि मग गल्लीच्या वळणावरून ओळखीची चाल ऐकू येते. चाल ओळखीची असते, कारण ती कधी एखाद्या जुन्या चित्रपटगीताची, कधी कव्वालीची, तर कधी वारकरी भजनाची असते. शब्द मात्र बाबासाहेबांचे गुणगान करणारे असतात. मिरवणूक पुढे सरकली, की मागे राहिलेल्या चहाच्या टपऱ्यांवर वाद रंगतात. हे गाणे मूळ कुणी गायले? लिहिले कुणी? आणि पूर्वीच्या कॅसेटमधला तो आवाज आताच्या 'मिक्स'मध्ये का नाही?

नेमके असेच वाद गेली पन्नास वर्षे जगभरातील श्रोत्यांचा एक चिवट वर्ग घालत आला आहे. त्यांचा विषय आहे जमैका या बेटावरील 'रूट्स रेगे' आणि 'डब' या संगीताच्या तबकड्या. जमैकाचे क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास, म्हणजे आकाराने आणि माणसांनी आपल्या अमरावती जिल्ह्याएवढाच हा देश. एवढ्याशा बेटाने विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताची दिशा बदलली. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

मराठी कानांना हे संगीत अगदीच परके आहे, असेही नाही. बॉब मार्लेचा चेहरा असलेला टी-शर्ट आता तालुक्याच्या बाजारातही मिळतो. त्याच्याही आधी १९७८ मध्ये बोनी एम या चमूने गाजवलेले बाबिलोनच्या नद्यांचे गाणे आपल्याकडच्या लग्नसमारंभांत आणि ऑर्केस्ट्रात वाजत होते. ते गाणे मुळात मेलोडियन्स या जमैकन त्रिकुटाने १९७० मध्ये गायलेले, वनवासात लोटल्या गेलेल्या लोकांचे विलापगीत आहे, हे त्यावर नाचणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असावे. जमैकाशी आपला आणखी एक जुना धागा आहे. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय मजूर करारावर तेथील उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांतले बहुतेक उत्तर भारतातले होते. रेगेच्या गाण्यांत वारंवार येणारा 'गांजा' हा शब्द त्यांच्याच तोंडून त्या बेटावर पोहोचला.

सम रिकामी ठेवणारा ताल

रेगे ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती तालातील पोकळी. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर, जिथे आपण आघाताची अपेक्षा करतो, तिथे ढोल गप्प असतो. आघात येतो तो तिसऱ्या मात्रेवर. याला तिकडे 'वन ड्रॉप' म्हणतात. गिटारची तुटक थाप दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते. बेस गिटारचा जड, गोलाकार खर्ज या पोकळीतून वाट काढत चालतो आणि गाण्याची खरी धून बहुधा तोच वाहून नेतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना रूपक तालाची आठवण यावी. रूपकाची समच मुळी खालीवर असते आणि त्या रितेपणामुळेच ऐकणारा अधिक सावध होतो.

या तालाची मुळे शोधू जाता आपण रास्ताफारी पंथाच्या ढोलांपाशी पोहोचतो. 'न्याबिंगी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वादनात तीन प्रकारचे ढोल असतात : खर्जाचा मोठा ढोल, लय धरणारा 'फंडे' आणि वर खेळकर बोलणारा 'रिपीटर'. काउंट ऑसी या वादकाने ते १९६० च्या सुमारास ध्वनिमुद्रणात आणले. वऱ्हाडच्या माणसाला यात खंजेरी ऐकू येईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच एका हातवाद्याच्या बळावर गावेच्या गावे जागी केली. अकोट-तेल्हारा पट्ट्यातले सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवीत अंधश्रद्धेवर आणि व्यसनांवर कोरडे ओढतात. खंजेरीच्या कातड्यावर अंगठा दाबून काढलेला तो घुमारा आणि न्याबिंगीच्या मोठ्या ढोलाचा खर्ज यांचे काम एकच. शब्द पोहोचण्याआधी श्रोत्याला बसल्या जागी धरून ठेवायचे.

'रूट्स' म्हणजे मुळे. १९७० च्या दशकात रेगेचा जो प्रवाह गुलामगिरीचा इतिहास, आफ्रिकेची ओढ, दारिद्र्य आणि पोलिसी जुलूम यांविषयी गाऊ लागला, त्याला रूट्स रेगे म्हणतात. मार्कस गार्वी या कृष्णवर्णीय नेत्याची शिकवण आणि १९३० मध्ये राज्याभिषेक झालेल्या इथिओपियाच्या हैले सेलासी या सम्राटाविषयीची भक्ती, हे त्याचे दोन आधारस्तंभ. अन्यायाच्या साऱ्या व्यवस्थेला या गाण्यांत एकच नाव आहे : बाबिलोन.

आंबेडकरी जलशांची परंपरा जाणणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातून जलसे सुरू केले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत चळवळ पोहोचवण्याचे साधन गाणे हेच होते. मात्र हे साम्य फार ताणू नये. रास्ताफारी पंथ सम्राटात देव पाहतो, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जो मार्ग दाखवला, त्यात देव या कल्पनेलाच रजा दिलेली आहे. दोन्हीकडचा संताप एका जातीचा असेल, पण उत्तरे वेगळी आहेत.

तबकडीची पाठ

आता 'डब'. हा प्रकार समजावून घेण्यासाठी तबकडी डोळ्यांसमोर आणावी लागेल. जमैकात गाणी निघत ती सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर. एका बाजूला गाणे. दुसऱ्या बाजूला दुसरे गाणे द्यायचे तर खर्च वाढणार. साठच्या दशकाच्या अखेरीस असे घडले, की स्पॅनिश टाउन येथील एका ध्वनिक्षेपण-संचाच्या मालकासाठी, रडी रेडवूड त्याचे नाव, एका लोकप्रिय गाण्याची प्रत कापताना गायकाचा आवाज वगळला गेला. रेडवूडने त्या रात्री आधी मूळ गाणे आणि पाठोपाठ हे बिनआवाजाचे रूप वाजवले. सारा जमाव तोंडपाठ शब्द स्वतःच गाऊ लागला. पुढे 'व्हर्जन' म्हणून हे रूप तबकडीच्या पाठीवर नियमाने येऊ लागले. त्याच मोकळ्या जागेवर 'डीजे' स्वतःचे शब्द टाकू लागले. १९७० मध्ये यू-रॉय या डीजेने ही कला घराघरांत नेली. (आपल्याकडे डीजे म्हणजे ध्वनिवर्धकांची भिंत, तिकडे डीजे म्हणजे बोलणारा माणूस. हा शब्दांचा घोटाळा लक्षात ठेवावा.)

या पाठीच्या बाजूला कला बनवले ते किंग टबी याने. खरे नाव ऑसबोर्न रडॉक, जन्म १९४१, व्यवसाय विद्युत उपकरणांची दुरुस्ती. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस या गरीब वस्तीतील आपल्या घरातच त्याने छोटी मिश्रणशाळा थाटली. एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेले मिश्रणयंत्र त्याने मिळवले आणि त्यावर दुसऱ्यांनी ध्वनिमुद्रित केलेली गाणी तो नव्याने 'वाजवू' लागला. गायकाचा आवाज एका शब्दापुरता येतो आणि प्रतिध्वनीत विरून जातो. ढोल अचानक गायब होतो, फक्त खर्ज उरतो, मग दूरच्या खोलीतून आल्यासारखी गिटार. त्याने एकही वाद्य हाती धरले नाही, पण यंत्राच्या खटक्यांना वाद्य केले. १९८९ च्या फेब्रुवारीत घरासमोरच त्याची गोळ्या घालून हत्या झाली. आज जगभरात 'रिमिक्स' म्हणून जे काही चालते, त्याच्या पूर्वजांत या दुरुस्ती कारागिराचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते.

भांडण कशावरून?

रसिकांच्या वादात शिरायचे तर पहिला प्रश्न हमखास येतो : डबची पहिली दीर्घ तबकडी कोणती? १९७३ च्या आसपास चार-पाच दावेदार एकदमच पुढे येतात. ली 'स्क्रॅच' पेरीची 'ब्लॅकबोर्ड जंगल डब', हर्मन चिन-लॉयची 'अक्वेरियस डब', रँडीज स्टुडिओत एरल थॉम्प्सनने मिसळलेली 'जावा जावा जावा जावा' आणि प्रिन्स बस्टरची 'द मेसेज डबवाइज'. त्या काळी जमैकात तबकडीवर साल छापण्याची शिस्त नव्हती. नोंदी नाहीत, प्रती थोड्या, आणि साक्षीदार स्वतःच निर्माते. त्यामुळे हा वाद कायमचा मिटण्याची शक्यता नाही.

दुसरा वाद अधिक मोलाचा आहे, कारण तो चवीबरोबरच हक्काचाही आहे. १९७३ मध्ये वेलर्सची 'कॅच अ फायर' ही तबकडी निघाली. किंग्स्टनमधील मूळ ध्वनिमुद्रणावर आयलंड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेल याने लंडनमध्ये रॉक गिटार आणि कळफलकाची भर घातली, जेणेकरून गोऱ्या श्रोत्यांना ती परकी वाटू नये. मूळ जमैकन रूप बाजारात आले ते तब्बल २००१ मध्ये. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. प्रस्तुत प्रतिनिधीला मूळ रूप अधिक भिडते, पण ती भर नसती तर हे संगीत अकोटपर्यंत पोहोचले असते का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावाच लागतो. १९७५ च्या बर्निंग स्पिअरच्या 'मार्कस गार्वी'चे दुखणे याहून गंभीर होते. तिचे परदेशी बाजारासाठी केलेले मिश्रण इतके सौम्य झाले, की गायक आणि त्याचे चाहते दोघेही रुष्ट झाले. पुढे या गायकाने स्वतःचे लेबल काढले.

आणि तिसरा वाद काँगोज या गायकद्वयाच्या 'हार्ट ऑफ द काँगोज'चा. १९७७ मध्ये ली पेरीने आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत ती घडवली. रूट्स रेगेतील सर्वोत्तम तबकडी कोणती, या वादात तिचे नाव टाळता येत नाही. पहिल्या मिश्रणाच्या अगदी थोड्या प्रती निघाल्या, नंतर पेरीने तिचे पुन्हा मिश्रण केले आणि मोठ्या कंपनीने ती जगभर नेण्याचे टाळले. मूळ रूप जपून ठेवले ते ज्यांनी ती तबकडी शोधून, एकमेकांना ऐकवून, तिच्यावर तासन्‌तास भांडून तिची कीर्ती जिवंत ठेवली त्या श्रोत्यांनी. अखेर मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर' या छोट्या कंपनीने १९९६ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली.

ही गोष्ट इथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ब्लड अँड फायर २००७ मध्ये बंद पडली, पण तिच्यासारख्या छोट्या कंपन्यांनी जमैकातील जुन्या फिती शोधल्या, वादकांची नावे वेष्टनावर छापली. जमैकात सुधारित कॉपीराइट कायदा आला तोच मुळी १९९३ मध्ये. तोवर गायकाला एकरकमी पैसे देऊन निर्माता मोकळा होत असे आणि परदेशी जाणाऱ्या अनेक तबकड्यांवर नाव नसलेले कोरे लेबल असे. त्या कोऱ्या लेबलांवर कुणाचे नाव लिहायचे, हे ठरले ते अनेकदा रसिकांच्या वादविवादातून. हा ढोल कुणाचा, हा खर्ज कुणाचा, हे कानाने ओळखून सांगणारी माणसे होती. त्यांचे भांडण हाच पुढे दस्तऐवज झाला.

नाव शेवटच्या कडव्यात

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. जमैकात एकाच तालवाद्यमेळावर, ज्याला ते 'रिडिम' म्हणतात, शेकडो गाणी रचली जातात. १९६० च्या दशकातील 'रिअल रॉक' या रिडिमवर आजही नवी गाणी निघतात आणि कुणी त्याला चोरी म्हणत नाही. आपल्याकडे 'चाल' हीच सवलत देते. भजनी मंडळात आणि जलशात 'अमुक चालीवर' म्हणून नवे पद रचणे हा शतकानुशतकांचा रिवाज आहे. भीमगीतांनी तोच वापरला. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असते, त्यामुळे त्याचे सगळे लक्ष नव्या शब्दांवर जाते.

मग कवीचे काय? वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गाणी लिहिली, महाराष्ट्रभर पायपीट करून गायली. 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह निघाले. परंतु त्यांची गाणी लोकांत पसरली ती दुसऱ्यांच्या कंठातून, वह्यांतून आणि कॅसेटींतून. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक, कवीचे नाव असलेच तर कोपऱ्यात बारीक. अशा वेळी एक जुनी युक्ती कामी आली. संतांच्या अभंगाप्रमाणे शाहीरही शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. वेष्टन फाटले, लेबल पुसले, तरी 'वामन' हे नाव गाण्याच्या पोटात सुरक्षित राहते. जमैकाच्या कोऱ्या लेबलावर जो इलाज तिकडच्या रसिकांना कानाने करावा लागला, तो इथे कवीनेच आधी करून ठेवला होता. अर्थात, शेवटचे कडवे कापले नाही तर! मिरवणुकीच्या 'मिक्स'मध्ये ध्रुपद आणि एखादे कडवे घेऊन गाणे बदलले जाते. त्यात पहिला बळी नाममुद्रेचाच जातो.

भारतात कॅसेट आली ती ऐंशीच्या दशकात, वादळासारखी. तोवर तबकडीचा बाजार एका मोठ्या कंपनीच्या हाती होता आणि तिच्या यादीत गावकुसाबाहेरच्या गाण्याला जागा मर्यादित होती. कॅसेटचे भांडवल कमी, प्रती काढणे सोपे. छोट्या कंपन्यांनी भीमगीते, भजने, कव्वाल्या यांच्या कॅसेटी काढल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघरी पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते सारख्याच ताकदीने गायली, हे मुद्दाम नोंदवायला हवे. उमप यांचे तर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच निधन झाले. ही सारी परंपरा एका चित्रपटात पाहायची असेल, तर आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहावा. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आत्महत्या केलेल्या शाहीर विलास घोगरे यांच्यापासून तो सुरू होतो.

दोन परंपरांची प्रत्यक्ष गाठही पडली आहे, ती मात्र पंजाबात. बंत सिंग या दलित गायकावर २००६ मध्ये जीवघेणा हल्ला झाला, त्यात त्याने दोन्ही हात आणि एक पाय गमावला. पण गाणे सोडले नाही. दिल्लीच्या तरू दालमिया या रेगे गायकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गावी जाऊन, त्याच्या गाण्यांना डबच्या खर्जाची साथ देऊन ध्वनिमुद्रण केले. गोव्यात २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव भरू लागला, तेथेही भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांसमोर हे वाद ऐकायला मिळतात. वऱ्हाडात असा प्रयोग कुणी केल्यास खंजेरी त्यात चपखल बसेल, असे वाटते.

खर्ज आणि गोंगाट यांतला फरकही या निमित्ताने सांगितला पाहिजे. जमैकाच्या ध्वनिक्षेपण-संचात खर्ज, मध्य आणि तार सप्तकांची वेगवेगळी खोकी असतात, त्यांचे प्रमाण कानाने जुळवले जाते. मोठ्या आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू यावा, हा त्या कारागिराचा मान. आपल्याकडे ट्रकवर रचलेल्या भिंतीतून अनेकदा शब्दच हरवतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचे असतात. या नियमाची चर्चा होते ती बहुधा पोलिसी कारवाईच्या अंगाने. ज्या कवीचे गाणे वाजते आहे त्याचा शब्द ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र कुणी नोंदवत नाही.

घरातल्या कॅसेटीचे काय करावे?

अकोटसारख्या गावांत अजून कपाटांच्या तळाशी, लोखंडी पेट्यांत अशा कॅसेटी आहेत. त्यांतल्या काहींची दुसरी प्रत कुठेच नसेल, विशेषतः गावातल्या जलशाच्या वा भजनाच्या कार्यक्रमात कुणी टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या नोंदींची. चुंबकीय फीत उष्णतेने आणि ओलाव्याने खराब होते आणि वऱ्हाडचा उन्हाळा तिच्यासाठी वैरी आहे. वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. गायक, कवी, मूळ चाल, कंपनी, वेष्टनावरील क्रमांक, विकत घेतल्याचे वा ध्वनिमुद्रणाचे साल आणि ठिकाण, एवढे लिहून कॅसेटीबरोबर ठेवावे. कवीचे नाव ठाऊक नसल्यास शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐकावे. घरातल्या, मोहल्ल्यातल्या ज्येष्ठांना विचारावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही लिहावीत. वेष्टन कितीही फाटके असले तरी टाकू नये.

मग संगणकावर प्रत. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी आहे. एमपीथ्री सोयीसाठी वेगळी काढावी, मूळ नोंद वेव्ह स्वरूपातच ठेवावी आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. खरखर काढण्याच्या मोहात मूळ नोंदीला हात लावू नये. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. कायद्याचे भानही हवे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षे, तर गीताचा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने कवी-संगीतकारांना स्वामित्वधनात वाटा मिळवून दिला, तो त्यांना कंपनीच्या नावे सोडूनही देता येत नाही. म्हणजे स्वतःच्या वापरासाठी प्रत करणे वेगळे आणि ती सर्वांना वाटणे वेगळे.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेले थर मोकळे होतात. आवाज अचानक दबका आला, तर फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळालेला असण्याची शक्यता जास्त. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर ती उघडून फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. चिकटवलेल्या खोक्याची असेल, तर ते काम घरी करण्यापेक्षा जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावे.